टॉवर क्षितिजाआड गेला की रेडिओ बोलतो कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिममध्ये आता आकाशातून इंटरनेट उतरणार अशा बातम्या झळकल्या. त्याआधी, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींवर १ लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत बोटीची जागा कळवणारी यंत्रं, बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. त्याच दिवशी वाढवण बंदराचं भूमिपूजन असल्याने ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये तेलंगणात विकाराबादजवळच्या जंगलात नौदलाच्या एका अजस्र रेडिओ केंद्राची पायाभरणी झाली आणि झाडतोडीवरून वाद पेटला.

तिन्ही बातम्यांत तसं काही नातं दिसत नाही. पण मुळाशी अडचण एकच आहे. पृथ्वी गोल, आणि रेडिओची लहर शक्यतो सरळ जाणारी. समोरचा माणूस क्षितिजाआड गेला की त्याच्याशी बोलायचं कसं? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला पाच-सहा निरनिराळी उत्तरं सापडली. गंमत म्हणजे नवं उत्तर आलं म्हणून जुनं पुरतं मोडीत निघालं, असं जवळपास कधी झालं नाही.

## नुसता जोर वाढवून का भागत नाही?

हर्णै किंवा रत्नागिरीहून निघालेल्या मासेमारी बोटीच्या केबिनमध्ये एक छोटा डबा स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, आणि त्याला वेटोळ्या वायरने लटकलेला माइक. खलाशी त्याला सरळ वायरलेस म्हणतात. हा व्हीएचएफ संच. जगभरची जहाजं ज्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदतीची हाक देतात, तो यातलाच: १५६.८ मेगाहर्ट्झचा. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं. कंपनं जितकी जास्त तितकी लहर आखूड. १५६.८ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटरची असते, मोबाइलची फूटभर किंवा त्याहूनही आखूड. लहर लांब की आखूड, यावर पुढचं सगळं ठरतं.

आखूड लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. हवा त्यांना किंचित खाली झुकवते, त्यामुळे डोळ्याला दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा रेडिओचं क्षितिज साधारण १५ टक्के लांब असतं, इतकंच. हिशेब तोंडी करता येतो. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, त्याला चारने गुणा. आलं ते क्षितिज, किलोमीटरमध्ये. बोटीवर पाण्यापासून ६ मीटर उंच अँटेना असेल तर तिचं क्षितिज सुमारे १० किलोमीटरवर. किनाऱ्यावर ५० मीटरचा मनोरा असेल तर त्याचं २८ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज ३८. तांडेलाने बोट त्याच्या फार पुढे नेली की दोघांच्या मध्ये समुद्राचा फुगवटा येतो, आणि माइकमध्ये कितीही ओरडलं तरी किनाऱ्यावर ऐकू जात नाही.

इथे बहुतेकांच्या मनात येतं की संचाची ताकद वाढवावी. २५ वॉटचा संच २५० वॉटचा केला, तरी फुगवटा जिथल्या तिथेच. कडेवर थोडाफार फरक पडेल, पलीकडे नाही. उंचीचा उपयोग होतो, पण वर्गमुळाच्या हिशेबाने: अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट करावी लागते. पुण्याचा टीव्ही मनोरा सिंहगडावर चढला तो यामुळेच. आयता गड मिळत असताना खाली तेवढा खांब कोण उभारणार? समुद्रात मात्र सिंहगड नाही.

मोबाइलचं तर याहून अवघड. जुन्या टूजीत टॉवर प्रत्येक फोनला बोलायला सेकंदाचा अगदी छोटा तुकडा नेमून देतो. फोन ३५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर त्याचं उत्तर पोचेपर्यंत त्याची पाळी संपलेली असते. त्यामुळे नेहमीच्या रचनेत टॉवर अगदी समोर दिसत असला, तरी त्या अंतरापलीकडे फोन लागत नाही.

## लांब लहर पाण्याला धरून जाते

लहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्याला वळसा घालू शकते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. तिची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. अशी लहर पृथ्वीच्या पाठीला लगटून, तिच्या गोलाईबरोबर वाकत जाते. जमिनीवर ती लवकर दमते, कारण कोरडी माती आणि खडक तिची शक्ती खातात. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, म्हणून समुद्रावर तीच लहर कितीतरी लांब पोचते. मध्यम लहरींचं, म्हणजे मिडियम वेव्हचं स्टेशन कोकणच्या समुद्रात खोलवर लागतं आणि घाटावर तेवढ्याच अंतरावर खरखरतं, त्याचं कारण हे.

लहर आणखी लांबवत नेली की नौदलाच्या कामाची होते. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून आहे. ते १८.२ किलोहर्ट्झवर बोलतं, म्हणजे एक लहर साडेसोळा किलोमीटर लांब. इतकी लांब लहर जमीन आणि वरच्या विद्युतभारित हवेच्या थराच्या मधल्या फटीत अडकून हजारो किलोमीटर जाते. शिवाय एक गोष्ट तिला जमते ती आखूड रेडिओ लहरींना जमत नाही: ती समुद्राच्या पाण्यात दहा-वीस मीटर खोल शिरते. पाणबुडीला वर न येता आदेश मिळतो तो असा.

किंमत भरपूर. एवढ्या लांब लहरीला अँटेनाही तशीच लागते: शेकडो मीटर उंच मनोरे आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारांचं रान. विकाराबादच्या केंद्राला सुमारे २,९०० एकर वनजमीन लागते आहे ती यासाठी. तिथलं जंगल जावं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण "एवढी जागा कशाला, उपग्रह नाहीत का?" हा आक्षेप टिकत नाही. उपग्रहाच्या आखूड लहरी खाऱ्या पाण्यात बोटभरही नीट शिरत नाहीत. आणि ही सोय एकतर्फी आहे. पाणबुडीला ऐकता येतं, त्याच लहरीवर उत्तर देता येत नाही. तेवढी अँटेना ती कुठे बांधणार? वेगही इतका कमी की आवाज पाठवणं सोडाच, मोजकी अक्षरं टपटपत येतात.

## मार्कोनीचे तीन ठिपके

१२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्ढूहून मोर्सचं एस हे अक्षर, म्हणजे तीन ठिपके, पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. सुमारे ३,४०० किलोमीटरवर, अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर बिनतारी संदेशांचा संशोधक मार्कोनी कानाला यंत्र लावून बसला होता. अँटेनाची तार पतंगाने वर उचलून धरली होती. ते ठिपके ऐकू आले, असं त्याने जाहीर केलं.

जाणकारांनी हिशेब मांडला आणि तो जुळेना. एवढ्या अंतरात मधल्या समुद्राचा फुगवटा दोनशे किलोमीटरहून जास्त उंच भरतो. लहर वळसा घालून गेली म्हणावं, तर इतका मोठा वळसा तिला झेपणारा नव्हता. मार्कोनीने खरंच काही ऐकलं की वातावरणातली खरखर, यावर आजही वाद आहे, कारण त्या लहरी भरदिवसा तेवढ्या लांब पोचणं अवघड होतं. पण दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावरून जाताना त्याने साक्षीदारांसमोर नोंदी केल्या. दिवसा संदेश ७०० मैलांच्या आसपास विरले. रात्री तेच ठिपके २,००० मैलांच्या पुढेही मिळाले.

दिवस-रात्रीचा हा फरक कुणालाच उलगडेना. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला: वर हवेत विजेचा वाहक असा एखादा थर असला पाहिजे, जो लहरींना परत खाली पाठवतो. तो खरंच आहे हे सिद्ध व्हायला १९२४ उजाडलं. अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथच्या प्रक्षेपकावरून लहरी सोडून ऑक्सफर्डला त्या मोजल्या आणि थराची उंचीच काढून दाखवली. अ‍ॅपलटनला १९४७ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

## कॅरमची कड

या थराला आयनांबर म्हणतात. सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. सुटे इलेक्ट्रॉन आले की हवा रेडिओ लहरींना वाकवू लागते. साधारण ६० किलोमीटरपासून चारशे-पाचशे किलोमीटरपर्यंत असे तीन-चार थर एकावर एक असतात. सगळ्यात खालचा डी, मग ई, आणि सगळ्यात वर, लांबच्या दळणवळणाला खरा उपयोगी, एफ.

कॅरममध्ये सोंगटी सरळ नेमात नसली की आपण स्ट्रायकर समोरच्या कडेवर मारून परतीत ती घेतो. शॉर्टवेव्ह, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी, तसंच करतात: वर जायचं, कड घ्यायची, खाली हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरायचं. तिरपं मारलं तर परतीचा टप्पा लांब पडतो, एका उडीत अगदी ४,००० किलोमीटरपर्यंत. खाली समुद्र किंवा जमीन लागली की लहर पुन्हा वर जाते, पुन्हा कड, असं करत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

पण ही कड लाकडी नाही, आणि इथेच नवख्याची फसगत होते. कॅरममध्ये काटकोनात मारलेला स्ट्रायकरही परत येतोच. आयनांबरात सरळ वर मारलेली लहर एका ठरावीक कंप्रतेपुढे, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या एका मर्यादेपुढे, आरपार निघून जाते. तीच लहर तिरपी मारली तर परतते. साधारण ३० मेगाहर्ट्झच्या वर तर तिरपी मारूनही बहुधा काही परत येत नाही. म्हणून एफएम, टीव्ही आणि मोबाइल आकाशातून परतत नाहीत. आणि त्याच कारणामुळे उपग्रहाशी बोलता येतं.

त्यातून एक विचित्र प्रकार घडतो. मुंबईहून शॉर्टवेव्हवर बोललेलं नागपूरला खणखणीत ऐकू येतं आणि मध्ये नाशकात काहीच नाही. जमिनीला लगटून गेलेली लहर तिथवर पोचत नाही, आणि आकाशातून परतणारी नाशकाच्या डोक्यावरून पुढे जाते. संच बिघडलेला नसतो. उपाय म्हणजे खालची कंप्रता, ३ ते ७ मेगाहर्ट्झची, निवडायची आणि अँटेना जमिनीपासून फार उंच न लावता लहर जवळजवळ सरळ वर सोडायची. ती छत्रीसारखी तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत खाली येते. सह्याद्रीच्या दऱ्यांत, जिथे डोंगर व्हीएचएफ अडवतो, तिथे हीच युक्ती चालते, कारण वरून पडणाऱ्या लहरीला डोंगर आडवा येत नाही.

आता दिवस-रात्रीचं कोडं. सगळ्यात खालचा डी थर मध्यम लहरींना परतवत नाही, गिळतो. तिथली हवा दाट, त्यामुळे सूर्य मावळताच सुटे इलेक्ट्रॉन अणूंना पटकन चिकटतात आणि तो थर विरून जातो. एफ थराची हवा इतकी विरळ की तिथले इलेक्ट्रॉन रात्रभर टिकतात. गिळणारा गेला, परतवणारा उरला. रात्री जेवणानंतर मिडियम वेव्हचा काटा फिरवताना कुठलं कुठलं परराज्यातलं, कधी परदेशातलं स्टेशन एकावर एक चढून ऐकू येतं आणि सकाळी तिथे नुसती शांतता असते, त्याचा खुलासा एवढाच.

## खडकी, दौंड आणि रेडिओ सिलोन

या सगळ्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. ब्रिटिशांना साम्राज्यभर बिनतारी साखळी हवी होती आणि त्यासाठी लांब लहरींची अवाढव्य केंद्रं बांधायचा बेत होता. तेवढ्यात मार्कोनीच्या माणसांनी दाखवून दिलं की शॉर्टवेव्हचा झोत एका दिशेला रोखून सोडला, तर फार कमी शक्तीत आणि फार कमी पैशांत काम होतं. या बीम पद्धतीची भारतातली बाजू पुण्याजवळ होती: संदेश सोडायचं केंद्र खडकीला, झेलायचं दौंडला. दोन्ही मुद्दाम लांब ठेवलेली, नाहीतर स्वतःच्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात हजारो मैलांवरून आलेली क्षीण लहर बुडाली असती. ही सेवा १९२७ मध्ये इंग्लंडशी सुरू झाली. दिवसाला एक तरंगलांबी, रात्रीला दुसरी, कारण कड दिवसा निराळी असते आणि रात्री निराळी. समुद्राखालून तारा टाकून बसलेल्या कंपन्यांचा धंदा या झोतांनी इतका खाल्ला की १९२९ मध्ये तारवाले आणि बिनतारीवाले यांना एका कंपनीत आणावं लागलं. १९३३ मध्ये याच तंत्राने भारत आणि इंग्लंडमध्ये फोनवर बोलणंही सुरू झालं.

शॉर्टवेव्हचा सामान्य माणसाला कळलेला पराक्रम मात्र गाण्यांचा. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेल्या केसकरांना चित्रपटगीतं फारशी मानवत नसत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. कोलंबोच्या रेडिओ सिलोनने ती संधी साधली. कोलंबो ते मुंबई सरळ अंतर दीड हजार किलोमीटर, म्हणजे एफ थराच्या एका आरामशीर उडीचं. त्या वर्षाअखेरीस बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात पोचला. मंत्र्याचा हुकूम दिल्लीत चालत होता, आयनांबरात नाही. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती काढली.

## सूर्याचा मूड

आयनांबर सूर्याने बनवलेलं, त्यामुळे ते सूर्याच्या तंत्राने वागतं. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावरचे डाग वाढतात तेव्हा एफ थर दाट होतो आणि वरच्या कंप्रताही लांब पोचू लागतात. पण त्याच काळात सूर्यावर स्फोटही जास्त होतात. मोठ्या स्फोटाचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला तो गिळणारा डी थर एकाएकी फुगतो, आणि शॉर्टवेव्ह बंद. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ कॅरिबियन बेटांवर तुटून पडत असताना नेमका असा स्फोट झाला आणि मदतकार्यात वापरला जाणारा शॉर्टवेव्ह संपर्क काही तास गेला.

या सौर उपद्रवांचा सगळ्यात मोलाचा जुना पुरावा आपल्या दारात आहे. सप्टेंबर १८५९ चं सौरवादळ हे नोंदलेल्यांत सर्वांत जबर मानतात, आणि त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व किती ढासळलं याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. पुढे शहरात विजेच्या ट्रामा यायच्या झाल्या, तेव्हा मोजणी बिघडू नये म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती आजही चालू आहे.

## मुंबईच्या रडारला अरबस्तान दिसलं

आखूड लहरी क्षितिजापलीकडे जात नाहीत, असं वर म्हटलं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झचं रडार होतं. हिशेबाने त्याला फार तर क्षितिजापर्यंतची जहाजं दिसायला हवीत. पण उन्हाळ्यात त्याच्यावर हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत.

दोष यंत्राचा नव्हता. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर खाली दमट, तुलनेने गार हवा असते आणि तिच्यावर वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा पसरते. दोन्हींच्या सांध्यावर लहरी नेहमीपेक्षा फार जास्त वाकतात, पृथ्वीच्या गोलाईइतक्या किंवा त्याहूनही. मग समुद्र आणि तो सांधा यांच्या मधल्या पट्ट्यात लहर कोंडली जाते आणि शेकडो किलोमीटर पुढे सरकत राहते. नैऋत्य मोसमी वारे आले, हवा घुसळली गेली, की हे थर मोडतात.

हे वरदान वाटलं तरी बेभरवशाचं आहे. आज आहे, उद्या नाही. आणि जे नको तेच लांबून येतं: दूरच्या एफएम केंद्राचा आवाज जवळच्यावर चढतो, रडारवर नसलेली जहाजं दिसतात. दळणवळणाची यंत्रणा यावर कुणी बांधत नाही, पण बांधताना याचा हिशेब सगळ्यांना ठेवावा लागतो.

## काही आडवाटा

भरवशाची हवेतली वाट निराळी आहे. खालच्या वातावरणात हवा कधीच एकसारखी नसते, सतत भोवरे असतात. जबरदस्त झोत क्षितिजाच्या अगदी वर रोखला तर त्यातला अगदी किंचित अंश या भोवऱ्यांवर विखुरतो आणि पलीकडे मोठ्या अँटेनाने टिपता येतो. दोन-तीनशे किलोमीटरला हे चालतं, वर्षभर चालतं, आणि खर्चिक आहे. १९५० च्या दशकात अमेरिकनांनी अलास्कात याची साखळी उभारली. नंतर उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांना स्कॉटलंडच्या किनाऱ्याशी असंच जोडलं होतं.

उल्का जळताना मागे सोडत असलेल्या आयनांच्या रेघेवरूनही लहर क्षणभर परतवता येते. अमेरिकेत डोंगरातल्या बर्फाच्या नोंदी कित्येक वर्षं या वाटेने गोळा होत. आणि अमेरिकी नौदलाने तर चंद्रच वापरला: १९६० च्या सुमारास वॉशिंग्टन आणि हवाईमध्ये संदेश चंद्रावर आपटून परत घेत. जायला-यायला अडीच सेकंद, आणि चंद्र मावळला की बोलणं बंद.

## मग टॉवरच वर नेला तर?

उंचीच्या हिशेबाचं सरळ टोक म्हणजे उपग्रह. १९४५ मध्ये आर्थर क्लार्क यांनी मांडलं की विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर यंत्र ठेवलं तर ते पृथ्वीबरोबर फिरेल, खालून एका जागी स्थिर दिसेल, आणि अशी तीन यंत्रं जवळजवळ सारं जग व्यापतील. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भूकेंद्र उभं राहिलं. जवळपास ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे रोखलेली. तोवर परदेशी फोन शॉर्टवेव्हवर, आयनांबराच्या लहरीनुसार चालत होता.

त्या उंचीची किंमत वेळेत मोजावी लागते. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला अर्धा. बोलणारे एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकसारख्या कंपन्यांनी उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास आणले, तर ही खोळंबण नगण्य झाली. पण इतका खालचा उपग्रह स्थिर राहत नाही, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून ते हजारोंनी लागतात, आणि तबकडीला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरत राहावं लागतं. गडचिरोलीच्या जंगलातल्या शाळेला याचा उपयोग नक्की होईल. मात्र तबकडीला आकाश मोकळं हवं, आणि वीज.

"मग माझ्या साध्या फोनवरून थेट उपग्रह का लागत नाही?" काही देशांत लागू लागला आहे. २०२२ पासून आयफोनवरून संकटकाळचा संदेश उपग्रहामार्गे जातो. अवघड भाग असा की फोनची शक्ती इवलीशी. तिला शेकडो किलोमीटरवरून ऐकायला उपग्रहाला फार मोठी अँटेना पसरावी लागते. भारतात त्यापुढे कायदा आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि गिर्यारोहणाचं साधं उपकरण घेऊन आलेले परदेशी पर्यटकही विमानतळांवर अडकले आहेत. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाने ट्रेकसाठी असलं काही भेट पाठवायचं म्हटलं, तर नको म्हणा.

मच्छीमारांची गोष्ट वेगळी. २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी खोल समुद्रात होत्या, व्हीएचएफच्या कक्षेबाहेर. इशारा निघाला, पण त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांतल्या अनेक भरकटत येऊन आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला लागल्या. त्यानंतर २०१९ मध्ये गगन या भारतीय दिशादर्शक यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत बोटीवर इशारे पोचवणारं जेमिनी हे उपकरण आलं. त्यावर ऐकता येतं, बोलता येत नाही. पालघरला सुरू झालेल्या योजनेतले ट्रान्सपॉन्डर दुतर्फा आहेत: संकटात सापडलेली बोट आपली जागा कळवू शकते आणि किनाऱ्यावरून तिला लघुसंदेश जाऊ शकतो.

## उपग्रह असताना शॉर्टवेव्ह कशाला?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि अर्धा बरोबरही आहे. करमणुकीचा शॉर्टवेव्ह संपत आला. आकाशवाणीनेही आपली बरीच शॉर्टवेव्ह प्रक्षेपणं बंद केली. पण मुंबईहून आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे निघालेलं विमान अरबी समुद्रावर व्हीएचएफच्या बाहेर गेलं की, उपग्रहाची सोय असली तरी, त्याचा शॉर्टवेव्ह संच मुंबईच्या नियंत्रकांसाठी चालू असतो. तासन्‌तास खरखर ऐकणं वैमानिकाला असह्य, म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत दिलेला असतो. जमिनीवरून त्या संकेताचे सूर वाजवले की फक्त त्याच विमानात घंटी होते, मग वैमानिक आवाज वाढवून बोलतो.

वेगाचंही एक कारण आहे, थोडं चमत्कारिक. काचेच्या तंतूत प्रकाश हवेच्या तुलनेत दोन तृतीयांश वेगानेच जातो. आयनांबरावरून जाणारी लहर पूर्ण वेगाने जाते. शिकागो आणि युरोपातल्या बाजारांमध्ये काही मिलिसेकंद वाचवायला शेअर-दलालांनी शॉर्टवेव्ह अँटेना उभारल्याचं २०१८ च्या सुमारास उघड झालं.

आणि सगळ्यात साधं कारण: मध्ये कुणीच नसतं. उपग्रहाला भूकेंद्र लागतं, कंपनी लागते, बिल भरावं लागतं. शॉर्टवेव्हला दोन संच, दोन तारा आणि मोटारीची बॅटरी पुरते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, आपले संच घेऊन पोचले ते याच बळावर. इर्माने दाखवलं की सूर्य बिघडला तर हाही मार्ग काही तास बंद पडतो. तेव्हा उपग्रह चालू असतो. जमिनीवरची केंद्रं पाण्याखाली गेली, तर उलट.

हॅम होणं अवघड नाही. वय १२ पूर्ण असावं, दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि मग व्हीयूने सुरू होणारा संकेत मिळतो. मर्यादित श्रेणीच्या परवान्याला मोर्स येण्याची अट नाही आणि ५० वॉटपर्यंत बोलता येतं. देशभरातले हॅम सकाळी सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर भेटतात, आणि त्यांना नुसतं ऐकताही येतं. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर मात्र त्यांचं बोलणं बदकाच्या आवाजासारखं येईल. एसएसबी (हॅम आवाज पाठवायला वापरतात ती पद्धत) लिहिलेलं बटण असलेला संच घ्या.